विल्यम शायरर: हिटलरच्या बर्लिनमधला अमेरिकन बातमीदार

कात्रणवाला

दुसऱ्या महायुद्धाचं वेड मराठी वाचकाला नवं नाही. बहुतेकांची सुरुवात वि. ग. कानिटकरांच्या 'नाझी भस्मासुराचा उदयास्त'पासून होते, मग कुणीतरी जाणकार म्हणतो, "आता शायरर वाच." म्हणजे 'द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइश'. बाराशेच्या वर पानं. पुस्तक बऱ्याच घरांत असतं, पहिली दोनशे पानं बऱ्याच जणांची झालेली असतात, पण लिहिणारा कोण होता हे विचारलं की "कुणी इतिहासकार असेल" एवढंच उत्तर येतं.

तो इतिहासकार नव्हता. तारा पाठवून पोट भरणारा वर्तमानपत्री माणूस होता आणि माझ्या मते शेवटपर्यंत तोच राहिला. त्या ग्रंथाची ताकद तिथून येते आणि खोटही तिथूनच येते. म्हणून हा धागा.

जन्म शिकागोचा, १९०४. वडील वकील. ते १९१३ साली गेले आणि आई मुलांना घेऊन आयोवातल्या सीडर रॅपिड्सला आपल्या माहेरी आली. तिथल्याच को कॉलेजातून १९२५ साली पदवी घेतली आणि गुरं वाहून नेणाऱ्या बोटीवर काम करत स्वारी युरोपला पोचली. बेत एक उन्हाळा भटकून परतायचा होता. पैसे संपले, परतायची वेळ आली आणि अगदी शेवटच्या क्षणी 'शिकागो ट्रिब्यून'च्या पॅरिस आवृत्तीत नोकरी मिळाली. उन्हाळ्यापुरता गेलेला मुलगा पंधरा वर्षं तिकडेच राहिला.

त्या पॅरिस आवृत्तीचं काम मजेशीर होतं. अमेरिकेहून येणारी तार शब्दागणिक पैसे मोजून पाठवलेली, त्यामुळे त्रोटक. रात्रपाळीच्या पोरांनी त्या मूठभर शब्दांचा अख्खा कॉलम करायचा. शेजारच्या खुर्चीत जेम्स थर्बर, जो पुढे विनोदी लेखक म्हणून गाजला. थर्बर बेधडक पदरचं घालायचा, म्हणजे तालीम तिथेच चालू होती म्हणा. मे १९२७ मध्ये वैमानिक लिंडबर्ग अटलांटिक ओलांडून ल बुर्जेच्या मैदानावर उतरला, तेव्हा त्या गर्दीत शायररही होता.

ट्रिब्यूनचे मालक कर्नल मॅकॉर्मिक म्हणजे हुकूमशाही वृत्तीचं प्रकरण. त्यांच्या मर्जीनुसार बातमीदार युरोपभर फिरायचे. १९३० मध्ये शायररला हुकूम झाला, भारतात जा. (याबद्दल खाली कुणी विचारलं तर लिहितो, नाहीतर धागा इथेच भरकटेल.) १९३२ मध्ये स्कीइंग करताना अपघात होऊन एका डोळ्याची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी ट्रिब्यूनने काढूनही टाकलं. ऐन मंदीत नोकरी गेलेल्या या माणसाने बायकोबरोबर स्पेनच्या किनाऱ्यावरच्या एका गावात साठवलेल्या पैशांवर एक वर्ष काढलं. १९३४ च्या ऑगस्टमध्ये हर्स्टच्या युनिव्हर्सल न्यूज सर्व्हिसचा प्रतिनिधी म्हणून तो बर्लिनला आला. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग वारला होता आणि हिटलर सर्वेसर्वा झाला होता. बातमीदाराला याहून 'चांगली' वेळ कुठली?

सप्टेंबरमध्ये न्युरेम्बर्गचा पक्षमेळावा. तिथे हिटलर हॉटेलच्या सज्जात आल्यावर खाली जमलेल्या बायकांचे चेहरे कसे झाले, हे त्याने टिपलंय. भाषणात काय होतं हे सगळेच लिहीत होते, हा ऐकणाऱ्यांकडे बघत होता.

१९३७ मध्ये युनिव्हर्सल बंद पडली, पुन्हा बेकार. तेव्हा बर्लिनच्या अ‍ॅडलॉन हॉटेलात एड मरो नावाच्या सीबीएस रेडिओच्या तरुण माणसाने जेवायला बोलावलं आणि नोकरी देऊ केली. पण आवाजाची चाचणी व्हायची होती. न्यूयॉर्कच्या वरिष्ठांना त्याचा आवाज अजिबात आवडला नाही. मरो अडून बसला म्हणून घेतलं.

युद्ध सुरू झाल्यावर बर्लिनहून बोलण्याच्या आधी प्रत्येक ओळ तीन सेन्सॉरांकडून पास व्हायची: परराष्ट्र खातं, प्रचार खातं आणि लष्कर. शायरर आवाजाच्या चढउतारातून, अस्सल अमेरिकन बोलीतल्या शब्दांतून हवं ते सुचवायचा. मग अमेरिकेत राहून आलेले सेन्सॉर नेमले गेले आणि तीही वाट बंद झाली.

जून १९४०, काँपिएन्यचं जंगल. १९१८ मध्ये जर्मनीने ज्या रेल्वेच्या डब्यात युद्धबंदीवर सही केली, तोच डबा संग्रहालयाची भिंत फोडून बाहेर काढला आणि मूळ जागी आणून ठेवला, फ्रान्सकडून तिथेच सही घ्यायला. शायरर जवळच उभा होता, दुर्बीण हिटलरच्या चेहऱ्यावर. 'जर्मन साम्राज्याचा गुन्हेगारी माज इथे मोडला' अशा आशयाचा फ्रेंच शिलालेख हिटलर वाचतोय आणि त्याच्या तोंडावर तुच्छता, राग, सूड, विजय एकामागोमाग एक सरकताहेत, हे वर्णन आजही वाचण्यासारखं आहे. दुसऱ्या दिवशी सह्या झाल्या. हिटलरचा हुकूम होता की बातमी आधी बर्लिनमधून जाहीर व्हायची, परदेशी बातमीदारांना तिकडेच परत पाठवलं जात होतं. शायरर मागे राहिला आणि त्याचं निवेदन कित्येक तास आधी थेट अमेरिकेत ऐकू गेलं.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. १९४० च्या डिसेंबरमध्ये त्याने बर्लिन सोडायचं ठरवलं. गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलीस, आपल्यावर हेरगिरीचा खटला रचतेय अशी कुणकुण लागली होती. प्रश्न रोजनिशीचा. सेन्सॉरने खोडलेलं सगळं त्यात होतं, कुणी काय सांगितलं तेही होतं. सापडली असती तर त्याच्यासकट आणखी काही जणांच्या माना गेल्या असत्या. त्याने पोलादी सुटकेसांच्या तळाशी रोजनिशीची पानं घातली, वर आपल्या रेडिओ निवेदनांचे कागद रचले, पानोपानी सेन्सॉरचे शिक्के असलेले. सगळ्यात वर मुद्दाम जर्मन लष्कराचे काही नकाशे ठेवले. आणि पेट्या स्वतः उचलून गेस्टापोच्या कचेरीत नेल्या: देश सोडतोय, तपासून सील करून द्या! अधिकाऱ्यांनी झाकण उघडलं, नकाशे दिसले, हरखून गेले, जप्त केले. खालचे कागद कसले? रेडिओवरचे. तीन-तीन खात्यांचे शिक्के बघून साहेब खूश. खाली हात घालायची गरज वाटली नाही. पेट्यांवर गेस्टापोचं सील लागलं आणि टेम्पलहॉफ विमानतळावर कस्टमवाल्यांनी ते सील बघून वाट मोकळी करून दिली.

'बर्लिन डायरी' १९४१ मध्ये आली ती हीच.

बाकीचं आयुष्य प्रतिसादांत बघू. बोटं दुखली.

चहाबाज

वाखूसा (वाचनखूण साठवली)! गेस्टापोला मामा बनवणारा माणूस आधी कळला असता तर तो ठोकळा एवढी वर्षं कपाटात उशाला घेऊन नसता झोपला. भारताचं लिहा की राव. मी विचारतोय असं धरा.

कात्रणवाला

@चहाबाज, घ्या. १९३० च्या ऑगस्टमध्ये तो भारतात आला तो गांधींना भेटायला, आणि गांधी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात. मिठाच्या सत्याग्रहानंतर मे महिन्यात अटक झालेली. मग मधल्या काळात हा खैबर ओलांडून काबूलला अफगाण राजा नादिरशहाचा राज्याभिषेक बघून आला. जानेवारी १९३१ मध्ये गांधी सुटले आणि फेब्रुवारीत दिल्लीत, डॉ. अन्सारींच्या घरी दोघांची ओळख झाली. गांधी एकसष्टचे, हा सत्ताविशीच्या उंबऱ्यावर. गांधी-आयर्विन वाटाघाटी चालू होत्या. व्हाइसरॉयच्या वाड्यावरून परतलेल्या गांधींना गाठायचं हा रोजचा उद्योग. ५ मार्चला करार झाला. पुढे त्याच वर्षी लंडनला गोलमेज परिषदेच्या वेळीही तो होता.

पानगळ

छान धागा. त्याने गांधींवर फार उशिरा, सत्तरी उलटल्यावर लिहिलं, 'गांधी: अ मेमॉयर'. मला ते त्याच्या जाडजूड ग्रंथापेक्षा जवळचं वाटतं. भक्तिभाव भरपूर आहे, पण बातमीदार मधूनच डोकं वर काढतो: कस्तुरबा आणि मुलांशी गांधी कसे कठोर वागले, ब्रह्मचर्याचे प्रयोग, हट्टीपणा. 'महात्मा' म्हणून सोडून देत नाही.

एक जोड: त्या काळात भारतात आलेल्या अमेरिकन पत्रकारांत शायररच्या आधी नाव घ्यायला हवं ते युनायटेड प्रेसच्या वेब मिलरचं. २१ मे १९३० ला धरासणाच्या मिठागरावर सत्याग्रही रांगेने पुढे जाताहेत, डोक्यावर लाठ्या पडताहेत आणि कुणी हातही वर करत नाही, हे जगाला मिलरने सांगितलं. सरोजिनी नायडू तिथे नेतृत्व करत होत्या. शायरर पोचला तोवर मोठी लाट येऊन गेली होती, त्याच्या वाट्याला वाटाघाटी आल्या.

रेडिओवेडा

मरो-शायरर जोडीवर थोडं माझ्याकडून, हा माझा विषय.

आज खरं वाटणार नाही, पण सुरुवातीला या दोघांनी स्वतः माइकवर बोलायचंच नव्हतं. त्यांचं काम दुसऱ्यांना बोलायला आणून बसवायचं. लहान मुलांच्या गायनाचे कार्यक्रम लावण्यात शायररचे दिवस जात होते. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला तेव्हा मरो पोलंडमध्ये अशाच एका शालेय कार्यक्रमाच्या तयारीत होता आणि शायरर व्हिएन्नात. अख्ख्या प्रकरणाचा साक्षीदार असलेला अमेरिकन रेडिओवाला तोच एकटा, पण नाझींनी रेडिओ केंद्रातून हाकलून दिलं. बायको तिथल्याच इस्पितळात, मुलगी नुकतीच झालेली, बाळंतपणानंतर तब्येत बिघडलेली. अशा वेळी तिला तिथे ठेवून तो विमानाने बर्लिनमार्गे लंडनला गेला आणि तिथून बोलला. मरो उलट व्हिएन्नाकडे धावला.

१३ मार्चला, रविवारी, न्यूयॉर्कहून निरोप आला की आज रात्रीच लंडन, पॅरिस, बर्लिन, रोम, व्हिएन्ना अशा सगळ्या ठिकाणांहून एकाच अर्ध्या तासात थेट बातमीपत्र हवंय. हातात काही तास, त्यात रविवार, इंजिनियर घरी, लघुलहरींचा भरवसा नाही. ध्वनिमुद्रण वाजवायला तेव्हा मनाई होती, त्यामुळे सेकंदाची चूक झाली तर हवेत शांतता. रोमची लाइन मिळालीच नाही. तिथल्या बातमीदाराने मजकूर फोनवर लंडनला सांगितला आणि शायररने तो वाचला. आपण आज टीव्हीवर पाच खिडक्यांत पाच माणसं बघतो, त्याचं मूळ इथे आहे.

साधी_वाचक

मला एक कळत नाही. इतकी दिलजमाई होती, मग सीबीएस सोडलं का? आणि बायकोला इस्पितळात ठेवून बातमी द्यायला गेला हे वाचून तर मी दोन मिनिटं पुढे वाचलंच नाही. त्या बाईचं कुणी लिहिलंय का?

रेडिओवेडा

ताई, टेस व्हिएन्नाची, स्वतः छायाचित्रकार. पुढे ती मुलीला घेऊन जिनिव्हात राहिली, तिथलं सीबीएसचं काम तिने सांभाळलं. १९७० मध्ये दोघांचा घटस्फोट झाला.

नोकरीचं असं: युद्धानंतर शायररचं रविवारचं भाष्य चालायचं, प्रायोजक दाढीचा साबण करणारी जे. बी. विल्यम्स कंपनी. १९४७ मध्ये कंपनीने त्याला बदलायचं ठरवलं. शायररचं म्हणणं, मतं उदारमतवादी म्हणून काढलं. मरो तेव्हा सीबीएसचा उपाध्यक्ष, त्याचा सूर असा की शायरर आता मेहनत घेत नव्हता, खुर्चीत बसून बोलत होता. दोन्ही बाजूंनी पुस्तकं भरलीत. शायरर बाहेर पडला. १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' नावाच्या पुस्तिकेत रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची 'कम्युनिस्टांना जवळचे' म्हणून यादी आली, त्यात हा. कम्युनिस्ट असल्याच्या चौकशीत उत्तरं द्यायला नकार दिलेल्या हॉलीवूडच्या दहा जणांच्या बाजूने कोर्टात दिलेल्या निवेदनावर सही केली, एवढं पाप. मग दारं बंद. कॉलेजांत व्याख्यानं देऊन घर चालवलं. १९५४ मध्ये एक कादंबरी लिहिली, त्यात मरोसारखं एक पात्र आहे आणि ते काही गोड नाही.

मरोने १९६४ मध्ये, कर्करोगाने थकलेला असताना, शायरर पतीपत्नींना आपल्या फार्मवर बोलावलं होतं. विषय काढायचा प्रयत्न केला. शायररने दर वेळी बोलणं दुसरीकडे वळवलं.

चहाबाज

हिटलरच्या सेन्सॉरला पुरून उरला आणि दाढीच्या साबणवाल्याने घरी बसवला. लोकशाहीचा फेस, दुसरं काय.

कात्रणवाला

आणि त्या घरी बसण्यातूनच ग्रंथ आला. हर्ट्‌झ पर्वतातल्या वाड्यांतून, खाणींतून अमेरिकन फौजेने जर्मन परराष्ट्र खात्याचे ४८५ टन कागद पकडले होते. न्युरेम्बर्ग खटल्याची कागदपत्रं, सेनापती हाल्डरची रोजनिशी, गोबेल्सची, इटलीचा परराष्ट्रमंत्री चियानोची... नोकरीवाल्या पत्रकाराला हे चाळायला वेळ कुठून मिळणार? याला वेळच वेळ होता, पैसे नव्हते. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये पुस्तक आलं, किंमत दहा डॉलर, म्हणजे तेव्हा महागच. एवढा ठोकळा कोण घेणार अशी शंका होती. १९६१ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, बुक-ऑफ-द-मंथ क्लबने ते घरोघरी पोचवलं.

इतिहासखोर

धागा वाचनीय, पण आरती फार झाली. थोडं पाणी ओततो.

एक म्हणजे शायरर सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक ल्यूथरपासून हिटलरपर्यंत सरळ रेघ ओढतो. जणू चारशे वर्षं जर्मन माणूस आज्ञाधारक आणि क्रूरच होता, हिटलर ही त्याची परिणती. मग फ्रान्समधला ज्यू अधिकारी ड्रायफसवरचा खोटा खटला, रशियातली पोग्रोम्स म्हणजे ज्यूंच्या कत्तली कुठल्या खात्यात टाकायच्या? व्यावसायिक इतिहासकारांनी तेव्हाच झोडपलं. अर्थकारण, नोकरशाही, साध्या जर्मनांचं रोजचं जगणं यावर फार थोडं. समलिंगींबद्दलची विशेषणं तर आज वाचवत नाहीत. ज्यूंच्या संहाराला हजारावर पानांत एका प्रकरणाचा भाग मिळतो. १९६० साठी तेही कमी नव्हतं, पण आज त्यावर विसंबून राहू नये.

आणि 'बर्लिन डायरी'. तुमची सुटकेसची गोष्ट फर्मास आहे, पण त्याचे कागद को कॉलेजात आहेत. ते छापील पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर दिसलं की बराच मजकूर नंतर लिहिलेला, बदललेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत हिटलरबद्दलचं मत छापील प्रतीत दिसतं तेवढं पक्कं नव्हतं. १९४१ च्या अमेरिकन वाचकासाठी त्याने स्वतःला आधीपासून शहाणा करून घेतलं. रोजनिशी म्हणून विकलं हे मला खटकतं.

कात्रणवाला

@इतिहासखोर, ल्यूथरच्या रेघेबद्दल पूर्ण सहमत, तो भाग मी दर वेळी ओलांडतो. त्यातच माझा मुद्दा आहे. समोर दिसलेल्या गोष्टीत हा माणूस बिनतोड असतो. काँपिएन्य, म्युनिक करार, पोलंडवर हल्ला व्हायच्या आधीचे बर्लिनमधले दिवस, लोकांच्या तोंडावरचा निरुत्साह. जिथे चारशे वर्षं मागे जाऊन 'का' सांगायचं असतं तिथे तो पॅरिसच्या रात्रपाळीवरच्या पोरासारखा दहा शब्दांच्या तारेचा कॉलम करतो.

डायरीबद्दल: बातमीदाराचं टिपण आणि छापील पुस्तक यात फरक असणारच, पण मत मागाहून चढवलं असेल तर ते सांगायला हवं होतं. तरी मी पुस्तक टाकणार नाही. १९४० चं बर्लिन, ब्लॅकआउट, विमानहल्ल्यात तळघरात शिरलेले लोक, बेकरीच्या पावाची घसरत गेलेली प्रत, हे मागाहून सुचलेलं नाही.

साधी_वाचक

इतिहासखोर, तुम्ही म्हणता तसं असेल तर मला तो उलट जास्त माणूस वाटला. १९३४ च्या बर्लिनमध्ये कुणाला पहिल्याच दिवशी सगळं कळलं असेल? ते गोंधळलेपण तसंच छापलं असतं तर पुस्तक मोठं झालं असतं.

इतिहासखोर

@साधी_वाचक, हे मात्र बिनशर्त मान्य.

बोस्टनकर

मी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो, म्हणून इकडचं थोडं. शेवटची वर्षं तो इथल्या बर्कशर डोंगराळ भागात लेनॉक्स गावी राहायचा. टँगलवूडच्या उन्हाळी संगीत महोत्सवामुळे आपली बरीच मंडळी तिथे जातात, गाव तेच. १९९३ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये वारला, एकोणनव्वदाव्या वर्षी. म्हातारपणी रशियन शिकला आणि टॉलस्टॉय नवराबायकोच्या भांडणांवर पुस्तक लिहिलं, ते मृत्यूनंतर १९९४ मध्ये आलं. स्वतःचा संसार मोडल्यावर हा विषय निवडला, यावर साधी_वाचक ताईंनी काय ते म्हणावं.

इकडच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात काळ्या मुखपृष्ठावर स्वस्तिक असलेला तो ठोकळा हमखास मिळतो, चहाच्या भावात.

साधी_वाचक

काय म्हणणार! टॉलस्टॉयच्या बायकोने, सोन्याने, तेरा बाळंतपणं काढली आणि नवऱ्याच्या वह्या नकलून दिल्या. टेसचं पुस्तक कुणी लिहिलं नाहीच ना अजून?

चहाबाज

कामाचा प्रश्न: नवख्याने सुरुवात कुठून करावी? बाराशे पानं एकदम नको.

कात्रणवाला

आधी 'बर्लिन डायरी', इतिहासखोरांची तळटीप डोक्यात ठेवून. मग आत्मचरित्राचा दुसरा खंड 'द नाइटमेअर इयर्स', १९८४ चा. त्यात तेच दिवस म्हातारपणी पुन्हा सांगितलेत आणि सुटकेसचा किस्सा तपशिलात आहे. ठोकळा घ्यायचाच तर म्युनिकपासून उघडा.

इतिहासखोर

मी सांगेन की ठोकळा वाचा, पण शेजारी इतिहासकार रिचर्ड इव्हान्सचे नाझी जर्मनीवरचे तीन खंड असू द्या. आणि गांधींवरचं पुस्तक आधी वाचा, पातळ आहे म्हणून.

रेडिओवेडा

मरोवर वेगळा धागा काढतो. लंडनच्या गच्चीवरून बॉम्बहल्ल्याचं थेट निवेदन आणि कम्युनिस्टांविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या सिनेटर मॅकार्थीवरचा १९५४ चा कार्यक्रम, दोन्ही घेईन. दिवाळी अंकाचं काम संपू द्या.

चहाबाज

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). ठोकळा कपाटातून काढला, म्युनिक तीनशेच्या पुढे कुठेतरी दिसतंय.